खोली चार

रात्रपाळीला मी एकटीच.
वहीत लिहायचं: कोण आलं, किती वाजता,
तोंडाला वास होता का.
अकराच्या आत सगळे घरात,
मग पुढच्या दाराला कडी.
आतून. हे 'आतून' नव्या माणसाला
दोनदा सांगावं लागतं.

लाइल कोमो आला तेव्हा
हातात कागदी पिशवी, तिच्यावर नंबर,
नंबरावर कुणीतरी पेनाने मारलेली काट.
एकोणीस वर्षं.
काय केलं होतं ते फाइलमध्ये आहे.
मी वाचलंय. इथे लिहिणार नाही,
पण विसरलेही नाही. विसरण्यासारखं नाहीच ते.

पहिल्याच रात्री, एक वाजता,
त्याच्या खोलीतला दिवा लागला, विझला,
लागला, विझला.
जिना चढून गेले. दार सताड उघडं.
तो भिंतीपाशी, बोट बटणावर,
चोरी पकडल्यासारखा.
म्हणाला, तिकडे रात्र नसायची.
दिवा त्यांचा, बटण त्यांचं,
झोपायचं ते डोळ्यांवर मोजा बांधून.
मग विचारलं, विझवू का?
मी म्हटलं, खोली तुझी आहे.
तो तसाच उभा.
हे उत्तर त्याच्या उपयोगाचं नाही, हे कळायला मला
जरा वेळ लागला.
म्हटलं, हो. विझव.

खाली फोन वाजत होता.
समोरच्या हेझनबाई.
हे घर आमच्या गल्लीत नको, या अर्जावर
बेचाळीस सह्या, त्यातली पहिली त्यांची.
कुणाला खुणा चालल्यात दिव्याने?
सांगितलं.
बराच वेळ नुसता श्वास.
एकोणीस? म्हणाल्या, आणि ठेवला फोन.

मत बदललं असं समजू नका.
मार्चच्या सभेत त्यांनी हात वर केला तो विरोधातच.
फक्त दिव्यासाठी फोन आला नाही पुन्हा,
आणि दिवा तर महिनाभर चालला.

बुधवारी ओदिलों येतो,
मासळीच्या कारखान्यात जन्म गेलेला, ऐंशीला टेकलेला.
बरोबर एक नर्स, एक शाळेतला शिपाई.
चौथी खुर्ची कधी भरते, कधी नाही.
पत्ते खेळतात. लाइलबरोबर बँकेत जातात,
दातांच्या डॉक्टरकडे जातात, रांगेत उभे राहतात.
या आठवड्यात किती वेळा खोटं बोललास?
ओदिलों पत्ते पिसत विचारतो.
लाइल बोटांवर मोजतो, खरंच मोजतो.

डॅरिलचा कप अजून खुंटीला आहे.
सातव्या आठवड्यात गेला तो, परत तिकडेच.
कप कुणी वापरत नाही,
कुणी फेकतही नाही.

मेमध्ये ओदिलोंने लाइलला पुलावर नेलं.
मला सुट्टी होती, मीही गेले.
सेंट जॉनची नदी तिथे समुद्राला भेटते
आणि भरती आली की समुद्र तिला मागे रेटतो,
फेसाळ, उलटी, दिवसातून दोनदा.
मधे काही मिनिटं पाणी उभं राहतं,
ना याचं ना तिचं.
होड्यांनी तेवढ्यातच निघायचं.
ओदिलोंचा डोळा घड्याळावर: आत्ता, बघ.
खालून एक होडी चालली होती,
सुकाणूवरची बाई एका हाताने सँडविच खात होती.

किती मिनिटं असतात?
वीसेक, ओदिलों म्हणाला. माणसाला जास्त लागतात.
मला वाटलं, झालं, आता प्रवचन.
लाइल त्या बाईकडे बघत होता.
मला भूक लागलीये, म्हणाला.
घंटा झाली नव्हती, कुणी जेवायला बोलावलं नव्हतं,
आणि सांगताना त्याने आमच्याकडे
परवानगीसाठी पाहिलं नाही.
तळलेले शिंपले घेतले तिघांत, मीठ जास्तच होतं.

वहीत अशा गोष्टींसाठी रकाना नाही.
त्या रात्री शेऱ्याच्या जागी लिहिलं:
साडेअकरा. खोली चार.
दिवा एकदाच विझला.